पाणी जातं कुठं

माझा नवरा ट्रकवरून पडला तो धान कापणीच्या दिवसांत. साकोलीजवळच्या एका राईस मिलमध्ये तांदळाची पोती भरून झाली होती. तो वर चढून ताडपत्री बांधत होता. ओढता ओढता दोर तुटला आणि तो मागच्या मागे खाली आला. मांडीचं हाड मोडलं. नागपूरला ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली, आणि डॉक्टरांनी बजावलं की पायावर भार द्यायचा नाही, गाडीचं तर नावच काढायचं नाही. आसगावला आणून आम्ही त्याला ओसरीतल्या खाटेवर निजवलं.

ज्या माणसाला दोन दिवस घरी राहिलं की चुकल्यासारखं व्हायचं, तो आता दिवसभर छताच्या लाकडी फाट्यांकडे पाहत पडून राहू लागला.

ट्रक आमचा स्वतःचा. एकच, दहा चाकी, जुना घेतलेला. तो दारात उभा ठेवून चालणार नव्हतं. धाकटा दीर शेती पाहायचा. जड गाडीचं लायसन त्यानं नवऱ्याच्याच आग्रहानं कधीतरी काढून ठेवलं होतं, पण त्याचा जीव बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, धानात. कापणी झालेली होती, शेतात धानाचं पुंजणं रचून ठेवलं होतं, मळणी व्हायची होती. तरी तो खाटेजवळ येऊन म्हणाला, "दादा, तू उभा राहीपर्यंत मी चालवतो."

पहिली खेप नीट गेली. त्यानंतरच्या एका खेपेहून तो परतला, हातपाय धुतले, आणि न जेवताच ओसरीत आला.

"दादा, पानी कमी होऊन राहिलं."

"कायचं पानी?"

"इंजिनचं. नागपूरले जाऊन येतपर्यंत दोन बाटल्या टाकाव्या लागल्या."

नवऱ्यानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "पाइप पाहिला? क्लिप ढिली असन."

"पाहिला. सारं सुकं आहे."

"सुकं आहे तं पानी जाईन कुठी?"

 तो प्रश्न त्या संध्याकाळी आमच्या घरात शिरला आणि मग बरेच दिवस गेलाच नाही.

ट्रकवाल्याच्या बायकोला इंजिनाची माहिती असतेच असं नाही. मला एवढंच ठाऊक होतं की इंजिनाभोवती पाणी फिरतं, ते इंजिनाची गरमी घेऊन समोरच्या रेडिएटरमध्ये थंड होतं आणि पुन्हा आत जातं. त्यात मिसळायचं हिरवं कूलंट असतं. पाणी संपलं तर इंजिन तापून जाम होतं, आणि मग घरातलं सगळंच जाम होतं. यापलीकडे मला काही कळत नव्हतं. त्या हिवाळ्यात मात्र मी झोपेतसुद्धा पाणी पाहू लागले.

दिरानं गावातून जमलं तेवढं केलं. सगळ्या क्लिपा आवळल्या. एक होज पाइप जुनाट दिसत होता, तो बदलला. पाण्याच्या टाकीचं झाकण बदललं, कारण झाकण ढिलं असलं की वाफ बाहेर निघते. पुढच्या खेपेला पाणी पुन्हा उतरलं. कधी थोडं, कधी बरंच. एकदा तर लाखनीजवळ काटा लाल रेघेकडे सरकायला लागला तसा त्यानं गाडी कडेला घेतली आणि इंजिन निवेपर्यंत झाडाखाली बसून राहिला. घरी येऊन त्यानं हेही सांगितलं. लपवणारा माणूस नाही तो. पण तेच त्याच्या अंगावर आलं.

"तू गाडी तापवली," नवरा म्हणाला.

"तापू नाई देल्ली, दादा. तापायच्या पयलेच बंद केली."

"काटा लालपाशी गेला म्हंजे तापलीच. माझ्या हातात होती तोवर थेंब कमी नाई झाला. तुझ्या हाती गेली अन पानी उडून गेलं?"

दिराचं ताट समोर होतं, ते त्यानं हातानं थोडं पुढे सरकवलं आणि उठून गेला.

त्यानंतर फोन सुरू झाले. नवरा खाटेवरून सारखा फोन लावायचा. निघाला का? पाणी पाहिलं का? किती टाकलं? काटा कुठं आहे? गाडी चालवताना दीर फोन उचलायचा नाही, तर हा मला म्हणायचा, "पाहा, उचलत नाई. काहीतरी आहे." उचलला तर म्हणायचा, "चालवता चालवता फोनवर बोलून राहिला, ध्यान कुठी आहे याचं?" मी चुलीपाशी असले तरी कान ओसरीत. त्याचा आवाज चढला की मी भाकरी तव्यावर तशीच सोडून दाराशी यायचे.

आमचं घर एकच, पण चुली दोन. माझी जाऊ मागच्या खोलीत. एके दुपारी भांडी घासता घासता ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "वयनी, एक विचारू? ह्यांनी आपलं मळणीचं काम सोडून गाडी घेतली. दादाजी त्यांच्यावरच काहून शंका घेते?"

"दुखणं आहे ना अंगात. मनून बोलते."

"दुखणं पायाले आहे."

तिनं ते रागानं म्हटलं नाही. भांडं पालथं घालावं तसं म्हटलं. 

त्या रात्री गाडी अंगणात उभी होती. मी जेवणं झाल्यावर तांदळाची रिकामी पांढरी पोती उकलून इंजिनाखाली अंथरली, वर विटा ठेवल्या. पाणी गळत असेल तर डाग पडेल, एवढा साधा हिशेब. सकाळी उठून पहिल्यांदा तिकडेच गेले. पोती कोरडी होती. गिअरबॉक्सच्या खाली तेलाचा एक जुना ओघळ नेहमी टपकतो, तेवढाच डाग. दीरही मागून आला. आम्ही दोघं वाकून ती पांढरी पोती पाहत राहिलो. डाग नसल्याचं कोणाला वाईट वाटलं असेल, तर ते आम्हाला त्या सकाळी वाटलं.

टाकीचं झाकण उघडून त्यानं पाणी दाखवलं. रात्री जिथं होतं तिथंच होतं.

"उभी असली का उतरत नाई," तो म्हणाला. "चालली कीच उतरते."

मी हे नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू काय गाडीत बसली होती?"

आणि तिथंच मी ठरवलं. म्हटलं, "ह्या खेपेले बसतो."

 मला वाटलं नाही म्हणेल. पण तो म्हणाला, "जा. डोळ्यानं पाहून ये. तो पानी टाकते का नाई ते पाह्य." म्हणजे त्यानं मला पहारेकरी करून पाठवलं. मी मात्र पहाऱ्यासाठी जात नव्हते. घरात बसून त्या फोनच्या आवाजाची वाट पाहणं मला सहन होईना, म्हणून जात होते. आमच्या लहान मुलीला जावेकडे ठेवलं, भाकरी बांधून घेतल्या.

मिलमधून पोती भरून आम्ही निघालो तेव्हा सकाळचं धुकं अजून पूर्ण विरलं नव्हतं. हायवेवर प्रत्येक ट्रकच्या मागून पांढरी वाफ निघत होती. आमच्याही. थंडीत हे सगळ्याच गाड्यांचं होतं, त्यामुळे त्यात कोणी काही पाहावं असं नव्हतं. पण निघण्याआधी मिलच्या दारात, इंजिन गरम होईपर्यंत गाडी चालू ठेवून दीर चाकं ठोकून पाहत होता तेव्हा मी मागे उभी होते, आणि त्या धुरात मला काहीतरी गोडसर वास आला. गुळाचा पाक कढईला लागत आला की येतो तसा. मी म्हटलं, "भाऊजी, तुमच्या धुराले गोड वास येऊन राहिला."

तो मागे आला, नाक फुगवून वास घेतला. "मिलचा असन," म्हणाला. मिलमध्ये उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळासाठी धान वाफवणं चालूच होतं. तोही वास गरम, गोडसर. मी मान हलवली. आम्ही निघालो.

केबिनमध्ये बसल्यावर कळलं की माझा दीर गाडी कसा चालवतो. नवरा गाडी चालवतो तेव्हा आरामात एक हात खिडकीवर टाकतो. हा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसला होता आणि त्याची नजर रस्ता, काटा, रस्ता, काटा अशी फिरत होती. थोड्या वेळानं माझीही तशीच फिरू लागली. चढ आला की आम्ही दोघं बोलायचं थांबायचो. एखाद्या आजारी माणसाशेजारी बसल्यासारखं वाटत होतं मला, ताप वाढतो की उतरतो ते पाहत.

वाटेत थांबून त्यानं इंजिन निवू दिलं, झाकण हळूच सैल केलं, वाफ जाऊ दिली, मग उघडलं. पाणी उतरलेलं होतं. मी खाली वाकून पाहिलं. रस्त्यावर थेंब नाही, इंजिनावर ओल नाही. त्यानं बाटली ओतली. मी डोळ्यांनी पाहिलं. तो टाकत होता, आणि ते जात होतं.

कारध्याला नदीच्या अलीकडे आम्ही चहाला थांबलो. टपरीवाला ओळखीचा, नवऱ्याचा जुना. त्यानं मला पाहून पायाची चौकशी केली. मग चहा गाळता गाळता दिराला म्हणाला, "भाऊचा काल फोन आल्ता. विचारत होता, तू इथी गाडी थांबवते का, बोनट उघडते का. मी म्हटलं, उघडते जी. रोजच विचारते तो."

त्याच्या मनात काही नव्हतं. त्यानं कौतुकानं सांगितलं, की थोरला भाऊ किती काळजी घेतो. दिराचा ग्लास ओठांजवळ होता. त्यानं तो न पिता खाली ठेवला आणि गाडीकडे चालू लागला.

मी मागे गेले तर तो पायरीवर उभा होता, दार उघडं धरून. चाव्या त्यानं माझ्या हातात दिल्या.

"वयनी, हा माल नागपूरले पोचवून देतो. मंग दादाले सांगा, दुसरा ड्रायव्हर पाहा. मी चोर नाई."

"कोनी चोर मनते तुम्हाले?"

"चायवाल्याले विचारते तो. उद्या पंपवाल्याले विचारन. माझ्या मांगं माणसं ठेवली त्यानं." त्याचा आवाज फुटला. "तुम्हालेही त्याच्यासाठीच पाठवलं ना?"

मी खोटं बोलू शकले असते. म्हटलं, "त्यानं त्याच्यासाठी पाठवलं. मी त्याच्यासाठी नाई आलो."

नदीवरून वारा येत होता. ट्रक एकामागून एक पुलावर चढत होते. मी चाव्या परत त्याच्या हातात दिल्या.

"दुसरा ड्रायव्हर पाहू," मी म्हटलं. "पन पयले पानी कुठी जाते ते पाहू. नाईतं जो येईन त्याच्यावर हेच येईन. अन तुमच्यावर आलेलं कधीच नाई जाईन."

 तो चढून बसला आणि गाडी सुरू केली.

माल उतरवून परत येताना आम्ही सरळ साकोलीच्या मिस्त्रीकडे गेलो. हायवेला लागून त्याचं गॅरेज. मध्यमवयीन, अंगानं जाड, बोलायला आवडणारा माणूस. नवऱ्याची गाडी वर्षानुवर्षं पाहिलेली. त्यानं आधी इंजिन ऑइलची पट्टी काढून बोटावर घासली. पाणी ऑइलमध्ये जात असेल तर ऑइल दुधाच्या चहासारखं होतं, त्यानं मला दाखवत सांगितलं. ऑइल काळं आणि स्वच्छ होतं. मग इंजिन चालू ठेवून टाकीत डोकावला, बुडबुडे येतात का ते पाहायला. नव्हते. वॉटर पंपाखाली बोट फिरवलं. कोरडं.

"आज ठेवून जा," तो म्हणाला. "उद्या हवा भरून पाहू."

आम्ही जवळच्या नातेवाइकांकडे मुक्काम केला. नवऱ्याला मी फोनवर सांगितलं. त्यानं विचारलं, "टाकत होता का पानी?" मी म्हटलं, "टाकत होता. मी पाह्यलं."  मग तो म्हणाला, "मंग यानं तापवून तापवून हेड खराब केलं असन." मी पुढचं न ऐकता फोन ठेवला. राग होता तो, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं थंड इंजिनच्या टाकीवर हातपंप बसवून आत हवेचा दाब दिला. घड्याळासारखा एक काटा होता, तो चढला आणि तिथंच थांबला. आम्ही चहा पिऊन आलो तरी तो तसाच होता. कुठंच गळती नाही. मग त्यानं इंजिन चालवून चांगलं गरम केलं आणि पुन्हा दाब दिला. ह्या वेळेला काटा उतरू लागला. अगदी हळूहळू, पण उतरत होता. मिस्त्री टॉर्च घेऊन खाली घुसला, वर चढला, सगळीकडे पाहिलं. बाहेर थेंब नव्हता.

"गरम असताना आतल्या आत जाऊन राहिलं," तो म्हणाला. "हेडच आहे. उघडावं लागन."

हेड उघडणं म्हणजे इंजिनाचं वरचं अंग सोडवणं. मोठं काम. आणि त्याहून मोठं माझ्या दिरासाठी, कारण हेड खराब निघालं असतं तर नवऱ्याचं म्हणणं खरं ठरलं असतं. दिराचा चेहरा उतरला. मी मिस्त्रीला विचारलं, "हेड सोडून आणखी कुठी पानी आतमंदी जाऊ शकते का?"

मिस्त्रीनं थोडा विचार केला. "एक जागा आहे," म्हणाला. "ईजीआर कूलर." मग त्यानं समजावलं. अलीकडच्या गाड्यांत इंजिनचा थोडा धूर थंड करून परत इंजिनात पाठवतात. त्यासाठी एक लांबट डबा असतो. डब्यात बारीक नळ्या, नळ्यांतून धूर जातो आणि नळ्यांच्या बाहेरून पाणी. नळीला चीर पडली तर पाणी धुरात शिरतं, वाफ होतं आणि सायलेन्सरमधून निघून जातं. बाहेर थेंब दिसायचा नाही.

मला तो गोड वास आठवला. मी सांगितलं. मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं, म्हणाला, "कूलंटचा वास गोडच असते. पाहू."

तो डबा सोडवायला त्याला बराच वेळ लागला, बोल्ट जळून बसले होते. निघाल्यावर त्यानं पाण्याची एक बाजू बुच लावून बंद केली, दुसऱ्या बाजूनं हवा भरली आणि डबा पाण्याच्या अर्ध्या ड्रममध्ये बुडवला. आम्ही तिघं वाकलो. पाणी शांत होतं. एकही बुडबुडा नाही. काजळीचा थोडा काळा धागा तेवढा वर आला आणि विरून गेला.

"नाई," मिस्त्री म्हणाला. "हा चांगला आहे. हेडच."

त्याच वेळी रस्त्यावर एक ऑटो थांबला. आतून आधी वॉकर निघाला आणि मग नवरा.

मी धावले. "कायले आले? डॉक्टरनं काय सांगतलं होतं?"

"मले घरी बसवत नव्हतं," एवढंच तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता, थंडीत. गावातल्या कोणाला तरी तयार करून तो ऑटोनं एवढ्या लांब आला होता, पाय आडवा ठेवून, प्रत्येक खड्ड्याला दात आवळत. मी त्याला एका जुन्या टायरवर बसवलं. मिस्त्रीनं काय काय तपासलं ते सांगितलं. नवरा ऐकत होता, पण नजर दिरावर.

"उघडा हेड," तो म्हणाला. "मी पयलेच सांगतलं होतं. तापवली यानं गाडी."

मिस्त्रीनं पाना उचलला.

"थांबा," दीर म्हणाला.

तो नवऱ्याकडे वळला नाही. मिस्त्रीशीच बोलला. "गाडी थंडी असताना काटा उतरला का?"

"नाई."

"गरम असतानाच उतरला. मंग हा डबा थंड्या पाण्यात काहून पाह्यला? गरम करून पाहा."

मिस्त्री थांबला. दीर पुढे म्हणाला, "मी मिलमंदी काम केलं उसन्या तांदळाचं. धान भिजवायचा एक हौद होता. थंडा असला तं बाहेरून ठणठणीत कोरडा. गरम पानी सोडलं का भेग उघडे अन गळे. निवला का पुन्हा बंद. आम्ही लय दिवस शोधली ती भेग."

"करून पाहाले काय जाते," मिस्त्री म्हणाला.

बाजूच्या हॉटेलात भात शिजवायचा मोठा गंज, पातेलंच म्हणा, होता. हॉटेलवालीनं आधी नाही म्हटलं, मग माझ्याकडे पाहून हो म्हटलं. आम्ही दोघींनी पाणी उकळलं. दिरानं आणि मिस्त्रीनं गंज कापडात धरून आणला आणि रिकाम्या केलेल्या ड्रममध्ये ओतला. वाफ वर आली. डबा त्यात बुडवून मिस्त्रीनं तो चांगला तापू दिला आणि मग हवा सोडली.

काही वेळ काहीच झालं नाही. दिराच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता.

मग डब्याच्या धूर जायच्या तोंडातून एक बुडबुडा आला. मग दुसरा. मग बारीक मण्यांची सरळ माळ, थांबत नव्हती. मिस्त्री उकिडवा बसून बोटानं दाखवत राहिला, जणू आम्हाला दिसत नव्हती. नवरा वॉकरवर भार देऊन उठला आणि ड्रमपर्यंत आला. बराच वेळ वाकून पाहत राहिला. मिस्त्रीनं मग डबा उलटा करून टॉर्च मारला. आतली काजळी सगळीकडे जाड आणि कोरडी होती, फक्त एका कोपऱ्यात धुऊन काढल्यासारखा धातू चमकत होता. "हे मले पयले दिसाले पायजे होतं," तो म्हणाला आणि डोकं खाजवलं.

"हे तापवल्यानं होते का?" नवऱ्यानं विचारलं.

"नाई, भाऊ. हा डबा रोजच गरम होते, रोजच थंडा होते. जुना झाला का चीर पडते. कोनाच्याही हातात पडली असती."

मिस्त्री नवा डबा नागपूरहून मागवायला फोन करत आत गेला. आम्ही तिघं तिथं राहिलो. दीर हात पुसत होता, पुसून झाले तरी पुसत होता. मग त्यानं फडकं टाकलं.

"दादा, एक सांग. तुले खरंच वाटलं का मी पानी टाकत नाई?"

नवरा पुन्हा टायरवर बसला होता. मला वाटलं आता तो काहीतरी तिरकं बोलेल, पायाचं, दुखण्याचं निमित्त काढेल. तसं झालं नाही.

"नाई वाटलं," तो म्हणाला.

"मंग?"

"तुझी पयली खेप नीट झाली. फोन करून मिलवाला मनला, तुझा भाऊ चांगला चालवते, टायमावर येते. त्या दिवशी मले झोप नाई आली." तो जमिनीकडे पाहत होता. "पडल्या पडल्या एकच वाटे. माझ्याशिवाय चालून राहिली सारी. गाडी, शेती, घर. मंग तू मनला पानी कमी होऊन राहिलं, तं मले बरं वाटलं. खोटं नाई सांगत. बरं वाटलं."

असं तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. माझ्याशीही नाही. मी उभी होते तिथून हलले नाही, हललं तर तो थांबेल असं वाटलं.

 दीर माफ केलं वगैरे काही म्हणाला नाही. "चायवाल्याले फोन नको करत जाऊ," एवढंच म्हणाला, आणि त्याच्या बाजूच्या टायरवर जाऊन बसला. दोघं हायवेकडे तोंड करून बसले. गाड्या जात होत्या. थोड्या वेळानं नवऱ्यानं विचारलं, तो मिलचा हौद मग दुरुस्त झाला का. दीर सांगू लागला, कसा खरवडला, कसं सिमेंट भरलं. मी हॉटेलवालीचा गंज घासायला गेले.

नवा डबा आला, बसला. मिस्त्रीनं कूलंट भरून आतली हवा काढली आणि गरम इंजिनवर पुन्हा दाब देऊन पाहिला. काटा जागचा हलला नाही. त्यानंतरच्या खेपांमध्ये पाणी उतरलं नाही. घरातही एकदम सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. जाऊ बरेच दिवस नवऱ्याशी कामापुरतंच बोलत होती. नवरा फोन हातात घ्यायचा आणि ठेवून द्यायचा. मी पाहायचे, त्याचं बोट दिराच्या नंबरावर जायचं आणि परत यायचं. कधी न राहवून लावायचाच, पण पाण्याचं विचारायचा नाही. धुकं आहे का, जेवला का, असलं काहीतरी विचारायचा. दीर उत्तर द्यायचा, छोटं छोटं.

मळणी आम्ही बायकांनी मजूर लावून करून घेतली. होळीच्या सुमारास नवऱ्यानं वॉकर सोडला आणि काठी घेतली. काठी सुटल्यावर त्यानं अंगणात ट्रक मागे-पुढे करून पाहिला. दिरानं त्याच दिवशी चाव्या खुंटीवर अडकवल्या आणि बांधीवर निघून गेला. उन्हाळी धानाला पाणी सोडायचं होतं. त्याला मोकळं झाल्यासारखं वाटलं असावं. पाठमोरा पाहिला तर चालीतच दिसत होतं.

मला मात्र तसं वाटेना. नवऱ्यानं पहिल्या खेपेची तयारी केली, ताडपत्री तपासली, नवा दोर घेतला. मी त्याचा डबा भरत होते आणि माझे हात नीट चालत नव्हते. त्या केबिनमध्ये बसून काट्याकडे पाहणं भीतीचं होतं, तरी ते मला आवडलं होतं, हे मला तेव्हा कळलं. रस्ता, पूल, गोड वास ओळखणं, मिस्त्रीला प्रश्न विचारणं. घरी बसून आता काय ऐकायचं होतं?

मी डब्यात दोन भाकरी जास्त घातल्या.

"एवढ्या कायले?" त्यानं विचारलं.

"मीही येतो."

"आता कायले? गाडी चांगली झाली."

"असंच."

तो माझ्याकडे पाहत राहिला, मग अंगणातल्या ट्रककडे. "केबिनमंदी गरम होते आता, ऊन लागलं," म्हणाला.

"होऊ द्या," मी म्हटलं, आणि मुलीला जावेकडे सोडायला मागच्या खोलीत गेले.